परळची प्रयोगशाळा ते अकोलेचे पाडे : डॉ. कमल रणदिवे

मिरजगाव (जि. अहिल्यानगर) : नगर-सोलापूर महामार्गावरील मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील एक मोठे गाव. राज्यातील असंख्य गावांप्रमाणे या परिसरातही कर्करोगाचे निदान झाले, की घरच्यांच्या तोंडी एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे टाटा. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव खेड्यापाड्यांतून इतके रुळले आहे, की रुग्णाला मुंबईला नेले असे न म्हणता टाटाला नेले असेच म्हटले जाते. त्या रुग्णालयाच्या छायेत, रुग्णांच्या नजरेआड असलेल्या प्रयोगशाळेत एका मराठी स्त्रीने कर्करोगाचे मूळ शोधण्यासाठी आपली उमेद खर्ची घातली, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. उतारवयात हीच शास्त्रज्ञ याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या कुशीतील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या कुपोषणाची पाहणी करीत होती, हे तर त्याहूनही कमी लोकांना माहीत आहे. त्यांचे नाव डॉ. कमल जयसिंग रणदिवे.

त्यांचे निधन २००१ मध्ये झाले. त्यानंतर दोन दशके त्यांचे नाव विज्ञानाच्या वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकू येत असे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गुगलने आपल्या मुखपृष्ठावर सूक्ष्मदर्शकात पाहणाऱ्या कमलताईंचे चित्र झळकावले आणि या कोण, असा प्रश्न नव्या पिढीला पडला. त्याचे उत्तर पुण्यापासून सुरू होते.

सीताफळाच्या कुळापासून सुरुवात

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलांना, विशेषतः मुलींना उत्तम शिक्षण मिळावे हा त्यांचा आग्रह होता. हुजूरपागेत शिकलेली ही कन्या अभ्यासात हुशार होती. तिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाल्या.

१९३९ मध्ये त्यांचा विवाह जयसिंग रणदिवे यांच्याशी झाला. ते गणितज्ञ होते. पदव्युत्तर अभ्यासात कमल यांना संख्याशास्त्राची गरज पडली. तो त्यांचा विषय नव्हता, तेथे पतीची मोठी मदत झाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केले. विषय होता सीताफळ, रामफळ ज्या कुळात मोडतात त्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा. झाडांच्या पेशींतील गुणसूत्रे मोजणारी ही तरुणी पुढे माणसाला होणाऱ्या सर्वांत भयावह रोगाच्या पेशींकडे वळेल, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल. पण पेशी कशी वागते आणि तो स्वभाव पुढच्या पिढीत कसा उतरतो, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

टाटा आणि खानोलकर

पतीसमवेत मुंबईस आल्यावर कमल रणदिवे टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. हे रुग्णालय तेव्हा अगदी नवे होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्या दुःखातून उभ्या राहिलेल्या संकल्पाला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मूर्त रूप आले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि कर्करोग संशोधनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. तंबाखू चघळण्याची सवय, धोतराची गाठ सतत एकाच जागी घासणे अशा रोजच्या चालीरीतींचा कर्करोगाशी काय संबंध आहे, याचा पद्धतशीर अभ्यास त्यांनी केला होता. रोगाची कारणे माणसाच्या राहणीत शोधण्याची ही दृष्टी शिष्येनेही उचलली. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली.

तो काळ कसा होता हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या संशोधनाचे महत्त्व ध्यानात येत नाही. स्तनाच्या कर्करोगावर त्या वेळी मुख्य उपाय एकच होता, शस्त्रक्रिया. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या पद्धतीनुसार स्तनासह छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी काढून टाकल्या जात. जितके अधिक कापावे तितका रोग निपटेल, अशी ती समजूत. प्रत्यक्षात एकसारख्या गाठी, एकसारखी शस्त्रक्रिया असूनही एक रुग्ण वीस वर्षे जगे, तर दुसऱ्या रुग्णाला दोन वर्षांत रोग पुन्हा गाठी. रोग पुढे कोणते वळण घेईल हे केवळ सुरीवर अवलंबून नाही, हे उघड दिसत होते. मग ते कशावर अवलंबून आहे?

एक धागा स्कॉटलंडमध्ये सापडला होता. ग्लासगोचे डॉ. जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये स्तनाच्या बळावलेल्या कर्करोगात बीजाशय काढून टाकल्यास काही स्त्रियांत गाठी ओसरतात, असे दाखवून दिले. म्हणजे स्तनातील रोगाचे खतपाणी शरीरातील दुसऱ्याच अवयवाकडून येत होते. संप्रेरके अर्थात हार्मोन हा शब्दही तेव्हा प्रचारात आला नव्हता. या धाग्याची उकल करायची तर माणसावर प्रयोग करता येत नव्हते. त्यासाठी उंदीर हवा होता.

चार वाणांचे उंदीर

पीएच.डी.साठी कमल रणदिवे यांनी उंदरांचे चार वाण घेतले. प्रयोगशाळेतील असे वाण भावंडांचा पिढ्यान्‌पिढ्या संकर करून सिद्ध केलेले असतात, त्यामुळे एका वाणातील सारे उंदीर जणू जुळी भावंडेच. काही वाणांत स्तनाचा कर्करोग बहुतेक माद्यांना होतो, काहींत तो क्वचित आढळतो. रणदिवे यांनी रोगाची गाठ नव्हे, तर गाठ येण्यापूर्वीची निरोगी स्तनग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. ज्या वाणाला रोग होणार आहे आणि ज्याला होणार नाही, त्यांच्या निरोगी ग्रंथींच्या घडणीतच काही फरक असतो का, हा त्यांचा प्रश्न होता. रोग प्रकट होण्याआधीच्या शरीराकडे पाहण्याची ही दृष्टी हे त्यांच्या पुढील कामाचे सूत्र ठरले.

उंदरांच्या या रोगात तीन गोष्टींचा गोफ विणलेला आहे, हे तेव्हा स्पष्ट होत होते. पहिली आनुवंशिकता, दुसरी संप्रेरके आणि तिसरी आईचे दूध. अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले होते, की कर्करोगप्रवण वाणाची पिले जन्मतःच दुसऱ्या वाणाच्या मादीकडे पाजायला दिली, तर त्यांतील रोगाचे प्रमाण बरेच घटते. दुधातून जाणारा हा घटक म्हणजे विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. संप्रेरके, विषाणू आणि कर्करोगप्रवणता यांचे परस्परसंबंध उलगडणे ही रणदिवे यांच्या संशोधनाची प्रमुख कामगिरी मानली जाते. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या नात्याची दखल भारतात सुरुवातीच्या काळात घेणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. रक्ताच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या कारणांवरही त्यांनी प्राण्यांच्या साहाय्याने काम केले.

उंदरांतील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही याच संशोधनशाखेने शिकविले. मुंबईतील पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळते. त्यांच्या दुधात उंदरांतील विषाणूसारखे कण दिसल्याचे मुंबई आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले आणि जगभर खळबळ उडाली. परंतु माणसात आईच्या दुधातून कर्करोग जातो, असे कधीच सिद्ध झाले नाही. उलट ३० देशांतील ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की स्त्रीने जितका अधिक काळ अंगावर पाजावे तितका तिचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो.

बाल्टिमोरहून परत

खानोलकरांच्या प्रोत्साहनाने डॉ. रणदिवे पीएच.डी.नंतर शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे गेल्या. तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे टिश्यू कल्चरचे तंत्र आत्मसात केले. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गाठीतून १९५१ मध्ये मिळालेल्या आणि आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत असलेल्या हेला पेशी याच गाय यांच्या प्रयोगशाळेतल्या. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढविता आल्या, की औषधाचा आणि संप्रेरकाचा परिणाम थेट पेशीवर पाहता येतो. कर्करोगावरील औषधांच्या संशोधनाची ही पायाभूत पायरी होती.

परदेशात राहण्याचा मोह त्यांनी बाळगला नाही. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले होते. खानोलकर त्याचे पहिले संचालक. तेथे वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून रुजू होऊन रणदिवे यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील या प्रकारची ती पहिली संशोधन प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाते. पेशी वाढविण्यासाठी लागणारे पोषक द्रव बाहेरून मागवायचे, तर परकीय चलनाची टंचाई. साठच्या दशकाच्या आरंभी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हे द्रव आणि संबंधित रसायने येथेच तयार केली. या सहकाऱ्यांपैकी काहींना परदेशातील नोकऱ्या सोडून मायदेशी येण्यास त्यांनीच प्रवृत्त केले होते. कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशक्तिशास्त्र असे नवे विभागही त्यांनी सुरू केले.

या प्रयोगशाळेचा एक लाभ अनपेक्षित दिशेने झाला. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढविणे जगात कोणालाच साधत नव्हते. डॉ. बापट, डॉ. रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून मिळालेला एक जंतू मानवी पेशींच्या संवर्धनात वाढविल्याचे प्रसिद्ध केले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जंतू या नावाने ओळखला जाऊ लागला. तो नेमका कुष्ठरोगाचाच जंतू आहे की त्याचा जवळचा भाऊबंद, यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. त्यापासून पुढे लस मात्र तयार झाली आणि दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये जाहीर झाले.

१९६६ ते १९७० या काळात डॉ. रणदिवे यांनी केंद्राच्या संचालकपदाचा प्रभार सांभाळला. त्याच सुमारास, १९६६ मध्ये, रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र येऊन अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. रुग्णाची खाट आणि संशोधकाचा सूक्ष्मदर्शक एका व्यवस्थेखाली आले. कर्करोग आणि कुष्ठरोग या विषयांवर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९६४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना मिळाला, तर १९८२ मध्ये केंद्र सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला.

स्त्री वैज्ञानिकांची संघटना

प्रयोगशाळेत येणाऱ्या तरुण मुलींची होणारी ओढाताण त्या जवळून पाहत होत्या. पदवी मिळवायची, संशोधनात रमायचे आणि मग संसार, मुले, बदल्या यांत सारे अर्ध्यावर सोडायचे, हे चित्र सर्रास दिसे. १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना स्थापन केली. केवळ परिषदा भरविण्यात ही संघटना अडकली नाही. नवी मुंबईत वाशी येथे तिने वसतिगृह आणि पाळणाघर चालविले. संशोधन करणाऱ्या बाईला सर्वांत आधी काय हवे असते, याची ती रोकडी जाण होती.

अकोलेच्या पाड्यांवर

निवृत्तीनंतर मानसन्मानांत रमण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी अकोले तालुक्याची वाट धरली. १९८९ मध्ये सत्यनिकेतन या स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील आदिवासी मुलांच्या कुपोषणाची माहिती गोळा केली. स्त्री वैज्ञानिक संघटनेमार्फत राबविल्या गेलेल्या शासकीय प्रकल्पांतून त्यांनी या जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचा सल्ला आणि वैद्यकीय मदत मिळवून दिली.

वरवर पाहता उंदरांच्या वाणांवरील संशोधन आणि आदिवासी पाड्यावरील पोषणाची पाहणी यांचा काय संबंध, असे वाटेल. पण पीएच.डी.च्या वेळचा प्रश्न आठवला, की संबंध लागतो. रोग दिसू लागण्यापूर्वी शरीर कोणत्या स्थितीत आहे, हे त्यांना तेव्हाही पाहायचे होते आणि सत्तरी ओलांडल्यावरही. फरक इतकाच, की आता समोर पिंजऱ्यातील उंदीर नव्हते, माणसाची मुले होती.

सुरीच्या आधीचे औषध

डॉ. रणदिवे ज्या प्रश्नाशी झगडल्या, त्याचा पुढचा अध्याय त्याच टाटा केंद्रात लिहिला गेला, हे नमूद केले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर औषधे दिल्यास स्तनाचा कर्करोग उलटण्याचे प्रमाण घटते, हे इटलीतील मिलान येथे जान्नी बोनाडोन्ना यांनी १९७६ मध्ये दाखविले आणि केमोथेरपी शस्त्रक्रियेची कायमची सोबतीण झाली. पण शस्त्रक्रियेच्या ऐन वेळी, गाठीला हात लागतो त्या क्षणी शरीरात काय घडते, या प्रश्नाकडे फारसे कोणी पाहिले नव्हते.

डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा रुग्णालयात १९९७ ते २००८ या काळात एक हजार स्त्रियांवर चाचणी घेतली. निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी ५ ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे एकच इंजेक्शन देण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व रुग्ण एकत्र धरता लक्षणीय फरक दिसला नाही. काखेतील ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेल्या ४७१ स्त्रियांत मात्र पाच वर्षे हयात राहिलेल्यांचे प्रमाण ६६.८ टक्क्यांवरून ७५.७ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. हा लाभ एका गटापुरता असल्याने तो अंतिम शब्द नव्हे. पण बीटसन यांच्या काळापासून ज्या संप्रेरकांचा माग काढला जात होता, ती आता शस्त्रक्रियेच्या दारात येऊन उभी राहिली.

दुसरी चाचणी अधिक निर्णायक ठरली. देशातील ११ केंद्रांत १६०० स्त्रियांवर ती झाली. शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे साधे औषध टोचण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. दात काढताना वापरतात ते हे औषध स्वस्त आणि कोठेही मिळणारे आहे. या चाचण्या डॉ. रणदिवे यांच्या उंदरांवरील कामातून थेट निघाल्या, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही रोगाचे भवितव्य गाठीइतकेच त्या गाठीभोवतीच्या शरीरावरही अवलंबून असते, हा विचार दोन्हींच्या मुळाशी आहे.

उशीर हाच शत्रू

असे असले तरी मिरजगावसारख्या गावातील स्त्रीच्या दृष्टीने मोठा प्रश्न औषधाचा नाही, वेळेचा आहे. भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्ण स्त्रिया रोग बळावल्यावरच डॉक्टरकडे पोहोचतात. दुखत नाही म्हणून गाठीकडे दुर्लक्ष होते, संकोचाने ती लपविली जाते, सुगी उरकू दे म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. शस्त्रक्रियेपूर्वीचे इंजेक्शन कितीही गुणकारी असले, तरी ते शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा वेळी आलेल्या रुग्णालाच उपयोगी पडणार.

यावरचा उपायही टाटा केंद्रानेच तपासून पाहिला. १९९८ मध्ये मुंबईत दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. यंत्र नाही, डॉक्टर नाही. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये हाती आलेला निष्कर्ष असा, की या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही.

ज्ञान प्रयोगशाळेत निर्माण होते, पण स्त्रीचा जीव वाचतो तो तिच्या दारापर्यंत येणाऱ्या, तिच्याच भाषेत बोलणाऱ्या दुसऱ्या स्त्रीमुळे, असे हे आकडे सांगतात. देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारणाऱ्या डॉ. कमल रणदिवे आयुष्याच्या उत्तरार्धात अकोलेच्या पाड्यांवर गेल्या, ते याच जाणिवेने. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला त्यांनी सुरू केलेले हे काम मिरजगाव-कर्जतच्या दुष्काळी पट्ट्यापर्यंत आणि त्यापलीकडेही पोहोचणे, हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.